बोटांची विद्या

कचेरीत टेबलाशी बसून पत्र, अहवाल किंवा हिशेबाचा तक्ता तयार करणारा मनुष्य दिवसातून किती वेळा डाव्या हाताची करंगळी कळफलकाच्या कोपऱ्यात टेकवून दुसऱ्या बोटाने एखादे अक्षर दाबतो, याची मोजदाद त्याने स्वतः कधी केलेली नसते. मजकूर उचलला, दुसरीकडे ठेवला, चुकले ते मागे घेतले, झालेले काम जपून ठेवले. ही चारही कामे त्याने मनाला न विचारता केली. त्याला मध्येच थांबवून, जपून ठेवण्याची कळ कोणती, असे विचारले, तर पुष्कळदा तो उत्तर देण्यापूर्वी हवेत बोटे हलवून पाहतो. विद्या डोक्यात न राहता बोटांत उतरलेली असते. ही बोटांची विद्या कोठून आली, तिच्यावरून कोणी कोणाशी भांडण मांडले आणि अखेर ती मालकीची कोणाच्या ठरली, याचा वृत्तांत मोठा मनोरंजक आहे.

या दाबांना इंग्रजीत जवळची वाट अशा अर्थाचा शब्द आहे आणि मराठीतही आपण ‘शॉर्टकट’ असेच म्हणतो. मला मात्र त्यांना ‘जोडकळ’ म्हणावेसे वाटते. जोडाक्षरात दोन वर्ण एकत्र येऊन निराळेच रूप घेतात, तशा येथे दोन कळा एकत्र येऊन निराळाच अर्थ देतात. शिवाय वाट जवळची की दूरची हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, हे पुढे दिसेलच.

जोडकळीचा पहिला अवतार संगणकाच्या फार पूर्वीचा आहे. बंदुका आणि शिवणयंत्रे बनविणाऱ्या अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली टंकलेखन यंत्र विक्रीस आणले, तेव्हा त्यात केवळ मोठ्या लिपीची अक्षरे होती. लहान अक्षरे हवीत तर कळांची संख्या जवळजवळ दुप्पट करावी लागणार होती. १८७८ सालच्या दुसऱ्या यंत्रात यावर एक युक्ती योजण्यात आली. प्रत्येक दांडीच्या टोकावर लहान आणि मोठे अशी दोन्ही अक्षरे कोरली आणि एक जादा कळ ठेवली. ती दाबली की कागदाचा रूळ थोडा सरके आणि त्याच दांडीवरील दुसरे अक्षर कागदावर उमटे. ‘शिफ्ट’ म्हणजे सरकवणे. आजच्या संगणकात सरकण्यासारखे काही उरलेले नाही, तरी त्या कळीवरचे नाव मात्र तसेच आहे.

ही युक्ती सर्वांना पटली असे नव्हे. कॅलिग्राफ नावाच्या प्रतिस्पर्धी यंत्रात लहान आणि मोठ्या अक्षरांसाठी स्वतंत्र कळा होत्या, आणि एका अक्षरासाठी दोन कळा दाबण्यापेक्षा एक दाबणे अधिक जलद, असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा असे. गणिताच्या दृष्टीने तो चूक नव्हता. परंतु २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी शहरात एक सामना झाला. एका बाजूस कॅलिग्राफ चालविणारा लुई ट्रॉब, तर दुसऱ्या बाजूस साल्ट लेक सिटीच्या न्यायालयातील लघुलेखक फ्रँक मॅकगरिन. मॅकगरिनने रेमिंग्टनचा कळफलक पाठ केला होता. त्याची दृष्टी समोरच्या मजकुरावर असे आणि बोटे आपल्या वाटेने जात. मॅकगरिन निर्विवाद जिंकला. विजय यंत्राचा किती आणि मनुष्याचा किती, याची चर्चा पुढे होत राहिली. पण एक गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली. वेग दाबांच्या संख्येवर अवलंबून नसून नजर किती वेळा हलवावी लागते यावर अवलंबून असतो. आपल्याकडील मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला हे मुद्दाम सांगावे लागले नसते. तो कागदावर आडवी रेघ आधीच ओढून घेई आणि मग तिच्याखाली शक्यतो लेखणी न उचलता अक्षरे लिहीत जाई. त्याची बचतही हाताच्या फेऱ्यांचीच होती.

आता ‘कंट्रोल’ या कळीकडे वळू. हिचा जन्म टंकलेखनात नसून तारायंत्राच्या कुळात झाला. दूर अंतरावरील यंत्राला नुसती अक्षरे पाठवून भागत नाही. त्याला कामेही सांगावी लागतात. ओळ संपली, रूळ मागे ने, घंटा वाजव. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ नावाची जी संकेतसंहिता प्रथम प्रसिद्ध झाली, तिच्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्यात आला आणि आरंभीचे ३२ क्रमांक अशा आज्ञांसाठी राखून ठेवण्यात आले. रोमन लिपीतील ‘ए’ या मोठ्या अक्षराचा क्रमांक ६५. कंट्रोल दाबली असता अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होतात. म्हणजे ‘जी’ या सातव्या अक्षराबरोबर कंट्रोल दाबली की उरतात सात, आणि सात या क्रमांकाचा अर्थ घंटा. ‘एम’ हे तेरावे अक्षर; तेराचा अर्थ रूळ ओळीच्या आरंभी ने. ‘सी’ हे तिसरे. तिनाचा अर्थ मजकूर संपला. संगणकाच्या ज्या काळ्या खिडकीत लेखी आज्ञा देऊन कामे करवितात, तेथे आजही कंट्रोल आणि सी दाबल्यास चालू असलेले काम थांबते, ते या कुळाचारामुळे. श्रोत्यांनी हे ‘सी’ अक्षर ध्यानात ठेवावे. त्याला पुढे बऱ्याच भूमिका वठवावयाच्या आहेत.

कचेरीतील सामान्य टंकलेखकाच्या हाती कंट्रोल कळ खऱ्या अर्थाने आली ती ‘वर्डस्टार’ या आज्ञावलीमुळे. सीमूर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नबी यांनी लिहिलेली ही आज्ञावली १९७८ साली निघाली. त्या वेळच्या पुष्कळ संगणकांच्या कळफलकांवर बाण काढलेल्या कळा नसत आणि माउस तर नसेच. मग पडद्यावरचा ठिपका हलवावा कसा? बार्नबी यांनी अक्षरांच्या नावाकडे न पाहता त्यांच्या जागेकडे पाहिले. डाव्या हाताच्या बोटांखाली ई, एस, डी आणि एक्स ही चार अक्षरे शंकरपाळ्याच्या चार टोकांसारखी येतात. कंट्रोलसह ई दाबली की ठिपका वर, एक्सने खाली, एसने डावीकडे, डीने उजवीकडे. त्याच्या बाहेरच्या बाजूस असलेल्या ए आणि एफ या कळांनी तो एकेक शब्द ओलांडी. आर आणि सी यांनी पडदाभर मजकूर वर किंवा खाली जाई. म्हणजे सी या अक्षराची ही दुसरी भूमिका. कंट्रोल कळ तेव्हा ए या अक्षराच्या शेजारी असे, त्यामुळे करंगळी आपल्या स्वाभाविक जागेवरून फारशी हलत नसे. हात एका जागी ठेवून संपूर्ण पुस्तक लिहिता येईल अशी ती रचना होती, आणि असे लिहिणारे लेखक पुष्कळ होते. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यास आय.बी.एम.ने नवा कळफलक काढला आणि कंट्रोलची रवानगी खालच्या कोपऱ्यात केली. वर्डस्टारच्या जुन्या भक्तांनी तो अपराध कधी क्षमा केला नाही, आणि मला वाटते, त्यांचे फारसे चुकत नव्हते.

आपल्या देशात १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावोगावी संगणकाचे वर्ग निघाले. त्यांच्या पाट्यांवर वर्डस्टार, लोटस आणि डीबेस ही तीन नावे एखाद्या त्रिमूर्तीसारखी झळकत. विद्यार्थी वहीत आज्ञा उतरवून घेत आणि पाढ्यांसारख्या पाठ करीत. वर्डस्टारमध्ये कंट्रोल आणि के, त्यानंतर बी, ही मजकुराच्या तुकड्याची सुरुवात. के दोनदा, हा शेवट. के आणि व्ही, तुकडा हलविणे. या पाठांतराची आज थट्टा होते. परंतु मॅकगरिनने १८८८ साली जे केले होते, त्याहून ते निराळे नव्हते.

अडचण पाठांतराची नव्हती. अडचण होती ती बोलीभाषांची. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, येथे ती दर दुकानात बदलत होती. ‘वर्डपरफेक्ट’ या दुसऱ्या प्रसिद्ध आज्ञावलीने सारा भार एफ-एक पासून पुढच्या क्रमांकित कळांवर टाकला होता. एफ-सातने बाहेर पडावे, शिफ्टसह एफ-सातने छापावे, एफ-दहाने जपून ठेवावे. या कळांच्या अर्थात आणि क्रमांकात काही संगती शोधणे व्यर्थ होते. कंपनीलाही ते ठाऊक असावे, कारण ती आज्ञावलीबरोबर एक छापील पट्टी देई आणि लोक ती कळफलकावर ठेवून काम करीत. एका कचेरीत वर्डस्टार शिकून निष्णात झालेला मनुष्य नोकरी बदलून वर्डपरफेक्टच्या कचेरीत गेला, की त्याची बोटे पहिल्या दिवशी निरक्षर ठरत. कष्टाने हातात बसविलेली विद्या यंत्राबरोबर मालकाकडेच राहून जाई.

या गोंधळातून वाट काढण्याचा विचार खरे पाहता या आज्ञावली जन्मण्यापूर्वीच काही लोकांनी केला होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी आपल्या संगणकाचे जे प्रात्यक्षिक दाखविले, ते माउसमुळे प्रसिद्ध आहे. पण त्यांच्या डाव्या हाताखाली पाच कळांची एक लहान पेटीही होती. हार्मोनियमचे स्वर मिळवावेत त्याप्रमाणे त्या पाच कळा निरनिराळ्या मेळांत दाबून अक्षरे आणि आज्ञा द्यावयाच्या असत. एंगेलबार्ट यांचे मत असे, की मनुष्याने शिकावे. व्हायोलिन शिकण्यास वर्षे लागतात म्हणून व्हायोलिन कोणी टाकून देत नाही. पाच कळांची ती पेटी मात्र लोकांनी स्वीकारली नाही.

याच्या अगदी उलट मत लॅरी टेस्लर यांचे होते. ते कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करीत; तीच कंपनी, जिचे नाव आपल्या गल्लीबोळांतून छायाप्रतीचाच पर्याय होऊन बसले आहे. तेथे ‘ब्राव्हो’ नावाची एक लेखनाची आज्ञावली होती. तिच्यात दोन अवस्था असत. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे, दुसऱ्या अवस्थेत तीच कळ आज्ञा होई. आपण कोणत्या अवस्थेत आहोत याचे भान सुटले तर अनर्थ. एका उदाहरणाची त्या मंडळींत फार चर्चा होई. लिहिणाराने ‘एडिट’ हा साधा शब्द लिहावयास घ्यावा आणि नेमकी आज्ञेची अवस्था चालू असावी. ई म्हणजे सर्व मजकूर निवड. डी म्हणजे तो पुसून टाक. आय म्हणजे नवीन मजकूर घाल. आणि टी हे ते नवे अक्षर. चार दाबांत सबंध लेख नाहीसा, आणि पडद्यावर एकटे ‘टी’ उभे.

टेस्लर यांना या अवस्थांचा इतका तिटकारा होता, की आपल्या मोटारीच्या क्रमांकाच्या पाटीवरही त्यांनी ‘नोमोड्स’, म्हणजे अवस्था नकोत, अशी अक्षरे घेतली होती. झेरॉक्सच्या मालकीची ‘जिन’ नावाची पाठ्यपुस्तकांची एक प्रकाशनसंस्था बॉस्टनजवळ होती. टिम मॉट यांनी तेथील संपादकांजवळ बसून त्यांचे काम पाहिले. ते संपादक कात्रीने कागद कापीत आणि दुसरीकडे चिकटवीत. तेच शब्द, कापणे आणि चिकटवणे, मॉट आणि टेस्लर यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘जिप्सी’ नावाच्या नव्या आज्ञावलीत घेतले. तिच्यात अक्षराची कळ नेहमी अक्षरच उमटवी. आज्ञा द्यावयाची तर वेगळी कळ. माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच होय. कारण येथे प्रथमच एका संशोधकाने लिहिणाऱ्याची चूक ही लिहिणाऱ्याची न मानता यंत्राची मानली.

टेस्लर १९८० साली ॲपल कंपनीत गेले. १९८३ साली निघालेल्या ‘लिसा’ या संगणकावर आपल्या ओळखीची चौकडी प्रथम एका रांगेत उभी राहिलेली दिसते. झेड, एक्स, सी, व्ही. या कळा एका खास आज्ञेच्या कळीसह दाबावयाच्या. त्यामागची संगती अशी सांगतात, की एक्स म्हणजे मजकुरावर मारलेली फुली. सी हे नकलेच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर. व्हीचा आकार मुद्रितशोधक राहून गेलेला शब्द घालण्यासाठी ओळीत काढतो त्या खुणेला उलटे धरल्यासारखा. आणि मागे घेण्यासाठी रांगेतील उरलेली शेजारीण झेड. चारही कळा डाव्या हाताखाली, म्हणजे उजवा हात माउसवर राहावयास मोकळा. सी या अक्षराची ही तिसरी भूमिका, आणि हीच पुढे जगाने मान्य केली.

दुसऱ्या वर्षी ‘मॅकिंटॉश’ आला. आज्ञेच्या कळीवर कंपनीचे सफरचंद काढावयाचे ठरले होते. परंतु पडद्यावरील यादीत प्रत्येक ओळीपुढे सफरचंद आलेले पाहून स्टीव्ह जॉब्स संतापले. तेव्हा सुझन केअर या चित्रकर्तीने चिन्हांच्या कोशातून चार कोपऱ्यांना फासे असलेली एक चौकोनी खूण शोधून काढली. स्वीडनमध्ये ती प्रेक्षणीय स्थळ दाखविण्यासाठी वापरतात. त्या पहिल्या मॅकिंटॉशवर बाणांच्या कळा मुळीच नव्हत्या. लोकांनी माउस हाती घ्यावाच म्हणून त्या मुद्दाम वगळल्या होत्या. एका हाताने जवळची वाट द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने जुनी वाट बुजवावयाची, असा तो कारभार होता.

आय.बी.एम.ने १९८७ साली आपली स्वतंत्र नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यानुसार कापण्यासाठी शिफ्ट आणि डिलीट, नकलेसाठी कंट्रोल आणि इन्सर्ट, चिकटविण्यासाठी शिफ्ट आणि इन्सर्ट. विंडोजने काही काळ हा पंथ पाळला. १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्ये मात्र यादीसमोर एक्स, सी, व्ही ही ॲपलची अक्षरे दिसू लागली, फक्त त्यांच्यामागे तारायंत्राच्या कुळातील कंट्रोल होती. जुना पंथ तेव्हाही पुसला गेला नाही. विंडोजवर शिफ्ट आणि इन्सर्ट दाबून पाहिल्यास बहुतेक ठिकाणी मजकूर आजही निमूटपणे चिकटतो.

आतापर्यंतची हकीकत सोयीची होती. यापुढची हक्काची आहे.

जानेवारी १९८३ मध्ये बाजारात आलेल्या ‘लोटस १-२-३’ या हिशेबतक्त्याच्या आज्ञावलीने व्यापारी जगाला वेड लावले. तिच्यात तिरपी रेघ असलेली कळ दाबली की वर आज्ञांची यादी उमटे. मग प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर दाबीत जावयाचे. हिशेबनीसांची बोटे काही आठवड्यांत यादीकडे न पाहताच ही अक्षरे दाबू लागत. शिवाय दाबांची तीच मालिका लिहून ठेवली असता यंत्र ती आपोआप पार पाडी. अशा मालिकांना मॅक्रो म्हणतात. मोठ्या कचेऱ्यांतील सारे अंदाजपत्रक अशा मालिकांवर उभे असे. ‘बोरलँड’ नावाच्या कंपनीने ‘क्वाट्रो’ नावाची प्रतिस्पर्धी आज्ञावली काढली आणि तिच्यात अशी सोय ठेवली, की लोटसच्या सरावाच्या माणसाला आपल्या जुन्याच कळा दाबता याव्यात. मूळ आज्ञावलीची एक ओळही बोरलँडने उचलली नव्हती. उचलली होती ती आज्ञांच्या शब्दांची आणि त्यांच्या उतरंडीची व्यवस्था. लोटसने १९९० साली दावा लावला, की ही व्यवस्था आमच्या लेखनहक्काखाली येते.

या दाव्याचा अर्थ नीट पाहा. आज्ञांची यादी लोटसने रचली, यात वाद नव्हता. पण ती यादी शिकण्यात ज्याने आपल्या संध्याकाळी घालविल्या, त्याच्या बोटांतील सवयीचे काय? ती सवय घेऊन तो दुसऱ्याच्या दुकानात जाऊ शकतो की नाही? खालच्या न्यायालयाने लोटसच्या बाजूने निकाल दिला. बोरलँडने अपील केले, आणि मार्च १९९५ मध्ये बॉस्टन येथील वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला. आज्ञांची ती उतरंड म्हणजे यंत्र चालविण्याची रीत होय, आणि रीतीवर लेखनहक्क चालत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. चित्रफीत दाखविणाऱ्या यंत्राच्या बटणांचा दृष्टांतही त्यात आला. खंडपीठातील न्यायमूर्ती बूडिन यांनी स्वतंत्र मत जोडून जो मुद्दा मांडला, तो मला या वादाचा गाभा वाटतो. लोटसला ही मक्तेदारी दिली तर ज्यांनी त्या आज्ञा शिकून घेतल्या आणि मॅक्रो रचले ते सारे लोटसचे बंदी होतील. टंकलेखनाचा रूढ कळफलक शिकलेला मनुष्य, त्या कळफलकाची मक्तेदारी कोणाच्या हाती गेल्यास जसा त्याचा बंदी होईल, तसे. आणि शिकण्याचे ते श्रम लोटसचे नव्हते, वापरणाऱ्यांचे होते.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. एक न्यायमूर्ती त्यात बसले नाहीत. उरलेल्या आठांत चार विरुद्ध चार अशी फळी पडली आणि १६ जानेवारी १९९६ रोजी बॉस्टनचा निकाल जसाच्या तसा कायम झाला. समसमान मतांच्या निकालाने देशभर बंधनकारक असा दंडक निर्माण होत नाही. तरीही टंकलेखक आणि हिशेबनीस यांच्या बोटांना त्या दिवशी थोडीशी मुक्ती मिळाली, ती एका मताच्या अभावी. बोरलँडला मात्र तिचा उपयोग नव्हता. क्वाट्रो तिने १९९४ सालीच विकून टाकली होती, आणि लोटस कंपनीही १९९५ साली आय.बी.एम.ने घेतली. बाजार मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलकडे गेला होता. आणि एक्सेलमध्ये आजही ती तिरप्या रेघेची कळ दाबली, की वरच्या पट्टीवरील आज्ञांची अक्षरे उघडतात! जित्याची खोड म्हणतात ती हीच. येथे तर खोड लावणारा निघून गेला आणि खोड मागे राहिली.

मायक्रोसॉफ्टलाही या सवयींपुढे मान तुकवावी लागली. २००७ साली तिने आपल्या कचेरीच्या आज्ञावलींतील जुन्या याद्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी चित्रांची रुंद पट्टी आणली. परंतु ऑल्ट, मग ई, मग एस, अशा मालिका ज्यांच्या हातात बसल्या होत्या त्यांच्यासाठी, पडद्यावर यादी नसतानाही तिच्या कळा चालू ठेवण्यात आल्या. घर पाडले, पण जुन्या भाडेकऱ्याची किल्ली चालेल अशी व्यवस्था केली.

आता या साऱ्या खटाटोपाने वेळ खरोखर वाचतो काय? स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. सरासरी कुशल टंकलेखकाला एक कळ दाबण्यास सुमारे ०.२ सेकंद लागतो. हात कळफलकावरून माउसवर नेण्यास ०.४, माउसने एखाद्या जागेवर नेम धरण्यास १.१. यावरून हिशेब केला, तर यादी उघडून नकलेची आज्ञा निवडून हात परत आणण्यात तीन सेकंदांहून थोडा अधिक काळ जातो आणि जोडकळीला अर्धा सेकंद पुरतो. दिवसातून दोनशे वेळा हे काम पडते असे धरले, तर आठ-नऊ मिनिटे वाचतात. पण त्याच मोजमापात आणखी एक आकडा आहे. मनाशी ‘आता काय करावयाचे’ असे ठरविण्यास १.३५ सेकंद लागतो. कळ आठवावी लागली, की वाचलेल्या वेळातून हा वेळ वजा झाला. ॲपलमधील ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ साली याच मुद्द्यावर खळबळ उडवून दिली. कळा वापरणाऱ्याला आपण जलद आहोत असे वाटते, पण घड्याळ माउसच्या बाजूने साक्ष देते. कारण आठवण्यात गेलेला क्षण माणसाला जाणवतच नाही, असे त्यांनी लिहिले. हे विधान सरसकट खरे मानण्याचे कारण नाही. ज्याला आठवावे लागते त्याच्यापुरते ते खरे. ज्याच्या बोटांत बसले आहे त्याच्यापुरते नव्हे. आणि बोटांत बसणे हे आपोआप घडत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्ड ही आज्ञावली वापरणाऱ्या २५१ अनुभवी लोकांना त्यांची रीत विचारण्यात आली, तेव्हा वर्षानुवर्षे काम करूनही बहुतेक जण नेहमीच्या कामांसाठी पट्टीवरील चित्रेच दाबतात, असे दिसले. चित्र रोज समोर असले म्हणजे कळ शिकण्याची गरज भासत नाही. एंगेलबार्ट यांचे भय खरे ठरले असे म्हणता येईल.

काही लोकांच्या बाबतीत मात्र सेकंदांचा हिशेब गैरलागू आहे. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना माउस निरुपयोगी. १९८९ साली अमेरिकेत टेड हेंटर यांच्या कंपनीने ‘जॉझ’ आणि २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी ‘एन.व्ही.डी.ए.’ ही विनामूल्य आज्ञावली सुरू केली. पडद्यावरील मजकूर या आज्ञावली वाचून दाखवितात आणि अंध मनुष्य सारे काम कळांनी करतो. मॅकगरिनने वेगासाठी नजर काढून घेतली होती. येथे नजरेवाचून कचेरीचे दार उघडले. एखाद्या आज्ञावलीत एखादे काम केवळ माउसनेच होते, तेव्हा तेथे या माणसाची नोकरी अडते.

शेवटी आपल्या लिपीकडे येऊ. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण ठरविला आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेच्या संहितेत त्याला स्थान मिळाले. त्याची मांडणी वर्णमालेच्या शास्त्रावर आहे. स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या. कच्या कळीवर शिफ्ट दाबली की ख, गच्या कळीवर घ, तच्या कळीवर थ. अल्पप्राणातून महाप्राणात जाण्यासाठी ती सरकण्याची जुनी कळ येथे उच्चारशास्त्राच्या सेवेस लागली. लच्या कळीवर शिफ्टने ळ, रच्या कळीवर शिफ्टने ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ यांतला तो आपला खास अर्धा र मिळविण्याचे साधन. याहून मोठी गोष्ट अशी, की क ज्या जागी आहे तेथेच बंगालीचा, गुजरातीचा, कन्नडचा आणि तमिळचाही क आहे. मराठी टंकलेखन शिकलेल्या मुलीची बदली अहमदाबादेस झाली, तर लिपी तिला नवीन शिकावी लागेल. बोटांना फारसे शिकावे लागणार नाही. वर्डस्टारमधून वर्डपरफेक्टमध्ये जाणाऱ्या कारकुनाला जे सुख लाभले नाही, ते हे.

आणि या कळफलकावर आपली चौकडी कोठे जाते? रोमन सी जेथे असते तेथे इनस्क्रिप्टमध्ये म आहे, व्हीच्या जागी न, एक्सच्या जागी अनुस्वार. मराठी लिहीत असताना मजकुराची नक्कल करावयाची, तर कंट्रोलसह म दाबावा लागतो, आणि ती चिकटवावयाची, तर न. नकलेच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर, मुद्रितशोधकाची उलटी खूण, मारलेली फुली, या साऱ्या आठवणी येथे गळून पडतात. राहते ती खालच्या रांगेतील जागा, आणि ती जागा करंगळीच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे, ते बोटांना ठाऊक असते.